इंजिनाचा पिवळा लाइट आणि देवेशचा फोन

३ ऑक्टोबर, शुक्रवार

लाइट लागला! इंजिनाचा, पिवळा. अन् चूक माझीच. काल दसऱ्याले गाडी धुतली ती बोनेट उघडून, मोटरच्या पाइपानं, थेट इंजिनावर. पूजेची गाडी वरून चकचकीत अन् आतून मळकट कशी चालंल? मग हळद-कुंकू, हार. आज डोणगावच्या चौकापर्यंत नेली तं गचके देऊन राह्यली.

ही म्हणे, "देवेशले विचारा. कशाले शिकवलं त्याले?" पोरगं पुण्याले गाड्यांच्याच कारखान्यात आहे. दीड महिन्यानं बोललो. चाळीस मिनिटं!

७ ऑक्टोबर, मंगळवार

त्यानं कुरिअरनं एक डबी पाठवली. स्टिअरिंगखाली खोचायची, मोबाइलवर कोड येते. आला – पी ०३०१. "पहिल्या सिलिंडरला ठिणगी नीट मिळत नाहीये, बाबा. पाणी गेलंय. कॉइलचा प्लग काढा, पुसा, उन्हात वाळू द्या." हिनं मोबाइल धरला, मी आत वाकलो. "मला दिसत नाहीये, जवळ घ्या." तो आता 'मला' म्हणते. दोन वर्षांत जीभ बदलली पोराची.

मोबाइलवरूनच कोड पुसला. लाइट गेला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

परत तोच कोड! ओल राहिली असंल, देवेश म्हणे. परत वाळवला. सात वाजता त्याचा फोन येते, मी साडेसहालेच बोनेट उघडून उभा. एरवी आमचं बोलणं काय – "पाऊस?" "पडला." "तब्येत?" "बरी." संपलं. आता तो मले ठिणगी कशी पडते ते समजावून सांगते. मले माहीत आहे. तरी ऐकतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

मेहकरले जाऊन आलो. लाइट नाही. गाडी लोण्यासारखी चालली. देवेशले तसा मेसेज टाकला.

सात वाजता फोन नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आजही नाही. मीच लावतो म्हटलं, अन् मोबाइल ठेवून देला. काय सांगू? तुझी आठवण येते? माझ्या बापानं मले कधी असं म्हटलं नाही, मी त्याले नाही. पण येते! जेवाले बसलो की येते. त्याच्या आवाजासाठी जीव तरसते, अन् हिच्यासमोर बोलताही येत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

लिहू का नको? लिहितो. कॉइलचा प्लग आज मीच काढून ठेवला. गाडी चालू केली – लाइट! लगेच देवेशले फोन. कोड नवाच निघाला, ०३५१. देवेश चिडला, "काऊन हो बाबा, परवा तं बरी होती!"

'का' नाही, काऊन म्हणाला! मी हसलो, तो अजूनच चिडला. पन्नास मिनिटं बोलला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

पोरगं माझ्यापेक्षा हुशार. त्यानं परभारे इथल्या शाहरुख मिस्त्रीले घरी पाठवलं. दोघं एका वर्गातले. शाहरुख वाकला, टक् आवाज झाला – झालं काम.

"काका, प्लग सुटेल होता."

"उंदीर असंल," मी म्हटलं.

"क्लिप दाबून प्लग काढणारा उंदीर? कमालच आहे, काका!" मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणे, "देवेशले नाही सांगत." लाजेनं मेल्यासारखं झालं. चहा तरी पाजला त्याले.

संध्याकाळी देवेशचा फोन. "आता टेन्शन नाही, बाबा. गाडी एक नंबर. मला फोन करायची गरजच पडणार नाही तुम्हाला!" केवढा खूश होता. दिवाळीचं विचारलं, तं सुट्टी नाही म्हणे. यंदाही नाही.

बरं म्हटलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

ही म्हणे, "उंदीर तुम्हीच ना?"

हाव म्हटलं. वाटलं आता बोलणी खावी लागतात. तं डोळ्याले पदर लावला हिनं. "मंग मले काऊन नाही सांगितलं? मी बी घेतला असता ना फोन दोन मिनिटं!" माझ्या ध्यानातच आलं नाही. पंधरा दिवस ही नुसती मोबाइल धरून उभी होती.

१९ ऑक्टोबर, रविवार

जालना. चहाले थांबलो. पहाटे निघालो दोघं. मेहकरच्या पुढं मी गाडी कधी नेली नव्हती. मागच्या सीटवर चिवडा, करंज्या. ही म्हणे, आता तरी सांगा त्याले. लावला फोन.

"परत लाइट लागला का, बाबा?"

"नाही," म्हटलं. "तुझ्या घराचा पत्ता पाठव."