पत्तीची जागा

मंगळवार, संध्याकाळ

आबांच्या छोट्या लेथसाठी नवा टूल होल्डर आज एकदाचा झाला. जुन्यात टूलचं टोक फिरणाऱ्या जॉबच्या सेंटरपेक्षा खाली राहायचं, म्हणून आबा टूलखाली हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा सारायचे. मी विसरलो की ओरडायचे, "आरं, पत्ती घाल की! झोपलायस व्हय?"

नव्यात टूल बरोबर सेंटरला बसतं. पत्ती लागतच नाही. खूश व्हायला हवं होतं ना मी? पण टूल बसवताना हात आपोआप पत्तीकडं गेला, आणि ओरडायला आबा नव्हते. वर्ष होत आलं त्यांना जाऊन.

पत्ती ट्रेमध्ये तशीच पडलीय. बघवेना.

उद्या होल्डरमधली टूल बसायची खाच पत्तीच्या जाडीएवढी अजून खोल करतो. कुणी विचारलं तर सांगेन, माप चुकलं.