बेळगुंदीच्या घरातली पाठमोरी बाई

१२ जाने., सोम.
सिनेमात काम मिळालं. भूत व्हायचंय. घरी सांगितलं तर हे हसून हसून खोकले. "चला, मेकप वाचला त्यांचा!"
हसू देत. इतकी वर्षं आमच्या वडगावच्या गणपतीत नाटकं केली, कॅमेऱ्यासमोर कधी उभी राहिले नव्हते.
डायरेक्टर केदार, कोल्हापूरचा, वयानं आमच्या पोराएवढा. तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही त्यानं. "काकू, पाठ करून चालून दाखवा." चालले. "परत." परत चालले. "बास. ह्याच."
रक्त नाही, किंकाळ्या नाहीत. एक घर, आणि त्यात मधूनच एक बाई पाठमोरी दिसते. तोंड शेवटपर्यंत दाखवायचं नाही. म्हटलं, मग लोक घाबरणार कशाला? तर म्हणाला, "वळेल, वळेल म्हणूनच."
घरचा हातमाग हे बघतील. मागच्या आठवड्यातल्या दोन साड्या तेवढ्या विणायच्या उरल्यात.

१५ जाने., गुरु.
घर बघून आले. बेळगुंदीच्या पुढं, मळ्यात. काजूला मोहर आलाय, वास लांबपर्यंत. पडकं वगैरे काही नाही, चांगलं स्लॅबचं घर, मोझॅकची फरशी. फक्त मधला बोळ लांबलचक नि अंधारा. एका टोकाला मागचं दार नि स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला पुढची खोली. मालक आप्पा, मिलिटरीतून रिटायर, एकटेच. पुढच्या खोलीत राहतात. बाकी घर बंदच असतं.
येताना बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं कुठं गेलतीस. सांगितलं. तिनं हातच धरला. "अगं बाई! शालनच्या घरात?"
शालन म्हणजे आप्पांची बायको. फार वर्षांपूर्वी एका दुपारी घरातनं नाहीशी झाली. पोरगी शाळेत, आप्पा झोपलेले. विहिरीत गळ टाकून बघितलं, काही लागलं नाही. तरी गाव म्हणतं विहिरीतच गेली. त्या विहिरीचं पाणी कुणी भरत नाही. भर दुपारी घरात पावलं वाजतात म्हणे.
केदारला हे सगळं आधीच ठाऊक. म्हणून तर हे घर!
सोमवारी अंगारा लावून जाणार. हसायचं तर हसा.

१९ जाने., सोम.
पहिला दिवस. खिडक्यांना काळं कापड लावून अकरा वाजता रात्र केली. हिरवी साडी, अंबाडा, अनवाणी पाय.
केदार म्हणाला, "घाई नको काकू. घर तुमचंच आहे. तुम्ही मेलाय हे तुम्हाला ठाऊक नाही."
बोळातनं चालत गेले. फरशी गार. अर्ध्यात पाठीला जाणवलं, कुणीतरी बघतंय. कॅमेरा नव्हे. कॅमेऱ्याचं बघणं वेगळं असतं, ते सकाळपासून कळत होतं. हे दुसरं काहीतरी. मान वळवायला मनाई. गेले तशीच.
"कट" म्हटल्यावर वळले तर आप्पा. पुढच्या खोलीच्या दारात, चौकट घट्ट धरून. तोंड पांढरंफटक. वळले नि आत गेले.

२० जाने., मंगळ.
साउंडवाल्याला रिकाम्या घराचा आवाज घ्यायचा असतो. सगळ्यांनी गप उभं राहायचं. उभे राहिलो. त्यानं मध्येच हात वर केला. "कोण चालतंय?"
कोणी नाही.
त्याचा हेडफोन माझ्या कानाला लावला. फरशीवर अनवाणी पाय, हळू. मग थांबले.
केदार खूश. "राहू दे, राहू दे, असंच पाहिजे." मी बाहेर आले. आप्पा लांब काजूखाली बसलेले, पायात बूट.
हे म्हणतात पाल असेल. पालीला पाय वाजवायला येतात का?

२२ जाने., गुरु.
आज शेवटचा सीन. बाई मागच्या दारानं निघून जाते. तीन-चारदा गेले. आप्पा केदारच्या मागं उभे राहून कॅमेऱ्याला जोडलेल्या टीव्हीवर बघत होते. एकदम म्हणाले,
"असं न्हवं."
केदारनं वळून बघितलं.
"मागच्या दारानं न्हाय गेली ती. पुढनं गेली. माझ्या म्होरनं."
आणि बाहेर जाऊन बसले. केदारला वाटलं म्हातारा सिनेमात रंगला. पण बसमधली बाई तर म्हणाली, आप्पा झोपले होते.
मग आप्पांनी बघितलं कसं?

२३ जाने., शुक्र.
जेवणाच्या सुट्टीत आप्पांना ताट नेऊन दिलं. साडी तीच अंगावर. माझ्याकडं बघेनात. म्हणाले, "तिकडं तोंड करून बस पोरी. मग सांगतो." पाठ करून बसले. पाठीला सांगितलं सगळं.
"हात उचलायचो मी. व्हय. सुट्टीवर आलो की घर गप व्हायचं. रिटायर झालो, मग तर रोजच. ती म्हणायची, मला सोडा. मी म्हटलं, मेलीस तरच सुटशील ह्या घरातनं."
त्या दुपारी कॉटवर पडलेले. ती स्वयंपाकघरातनं आली, चपला हातात. कॉटशी थांबली. आप्पांचे डोळे उघडे, तिनं बघितलं. "दोघंबी बोललो न्हाय." ती गेली. खिडकीतनं दिसली, जांबोटीच्या वाटेला लागलेली.
"मग विहिरीत गळ टाकले तेव्हा?"
"हुबा हुतो की काठावर."
"सांगितलं का नाही?"
मागं ताट सरकवल्याचा आवाज. मला वाटलं उठून गेले. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर आणली असती तिला धरून. भावकी हुती, मी हुतो. मेली म्हणूनच सुटली."
ताटातला भात तसाच.

२५ जाने., रवि.
शूटिंग संपलं. आप्पांची पोरगी वैशाली डबा घेऊन आली. काकतीला असते, सिटीत नोकरी. मी अजून त्याच साडीत, बोळात पाठमोरी उभी. मागनं आवाज आला, "आई?"
वळले. बिचारी ओशाळली, मग चिडली, मग रडली. मीच पाणी दिलं. म्हणाली, "मावशी, दर अवसेला विहिरीवर दिवा लावते मी. आप्पा कधी येत नाहीत. मी मनाशी म्हणते, त्यांना बघवत नसेल."
मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

२७ जाने., मंगळ.
दोन दिवस मागावर बसले, पण धागा तुटलेला कळत नाही. शेवटी ह्यांना सांगितलं. ह्यांनी माग बंद केला.
"सांगू नकोस. आई मेली एवढं त्या पोरीनं कसंबसं पचवलंय. टाकून गेली म्हटल्यावर?"
"पण जिवंत असली तर?"
"असली तर एकदा तरी आली असती की लेकीसाठी."
हे बरोबर बोलतात तेव्हा जास्त राग येतो. त्या पोरीनं उरलेला जन्म रिकाम्या विहिरीवर दिवे लावायचे?

१ फेब्रु., रवि.
बेळगुंदीला गेले. आप्पांना म्हटलं, तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. वैशाली डबा घेऊन येणारच होती.
आप्पा बोळाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तोंडानं व्हायचं न्हाय. तू चाल."
वैशाली आली. आप्पांनी तिला खुर्चीवर बसवलं नि स्वतः कॉटवर आडवे झाले. तिला काही कळेना. मला बोळाच्या टोकाला जायला सांगितलं. कॅमेरा नाही, काळं कापड नाही, भर उजेड. सिनेमात मी कधी घाबरले नाही एवढी घाबरले.
"चपला हातात घे," आप्पा म्हणाले. घेतल्या. चालत आले. "हितं थांब." थांबले. "माझ्याकडं बघ." बघितलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत. "आता जा."
उंबऱ्यापर्यंत गेले. मागनं आप्पांचा आवाज, खुर्चीकडं बघून बोलत होते.
"मी जागा हुतो, वैशाली. बघत हुतो. ती गेली. विहिरीत न्हाय. गेली."
रडेल, ओरडेल वाटलं होतं. ती उठून माझ्याशेजारी उंबऱ्यात आली. "कुठल्या बाजूला?"
आप्पांनी बोट केलं. जांबोटीच्या वाटेला.
"म्हणजे शाळेवरनं नाही गेली," वैशाली म्हणाली. "शाळेवरनं गेली असती तर खिडकीतनं मला..."
 डबा न उघडता तिथंच ठेवून गेली. 

६ फेब्रु., शुक्र.
वैशालीचा फोन. आठवडाभर ऑफिसला गेली नाही. आप्पांकडं शेजारचे डबा देतात. म्हणाली, "मला तिचा राग येतोय मावशी. एवढी वर्षं नुसतं रडू यायचं, आता राग येतोय. हे बरं आहे का?"
म्हटलं, माहीत नाही गं.
आईची एक मैत्रीण खानापूरला असायची, एवढंच तिला आठवतंय. मंगळवारी जाऊन येते म्हणाली. एकटीला धीर होत नाही. येते म्हटलं.

१० फेब्रु., मंगळ.
मैत्रिणीचं घर सापडलं. दुसरेच लोक राहतात, त्यांना काही माहिती नाही. दोन-चार दुकानांत विचारलं. कन्नडमध्ये, मराठीत. काही नाही. दमून स्टँडकडं परत निघालो. वैशाली पाण्याची बाटली घ्यायला थांबली, मी पुढं झाले.
मागनं हाक. "आक्का! आज अबोली न्हाय, शेवंती देऊ काय?"
वळले. फुलं विकणारी बाई. माझं तोंड बघून तिचं हसू गेलं. "अगं बाई, दुसऱ्याच की. पाठमोऱ्या अगदी तशाच दिसलासा."
वैशाली मागं येऊन उभी होती. "कुणासारख्या?"
"येतात की एक आक्का. वरच्या गल्लीत शिवणकाम करतात. एकट्याच. जांबोटीकडनं आल्या म्हणतात, लई वर्षं झाली." मग वैशालीकडं नीट बघायला लागली. "तुमी कोण त्यांच्या?"
वैशालीनं शेवंती घेतली. पैसे दिले. 
स्टँडवर बाकावर बसलो. बेळगावची बस लागली नि सुटली. ती उठली नाही. वरच्या गल्लीकडंही गेली नाही. फुलं मांडीवर.
"दुसरीच कुणीतरी असेल," म्हणाली. थोड्या वेळानं, "असू दे दुसरीच." मग, "तिनं विचारलं, का आलीस, तर काय सांगू?"
मी तिच्या मांडीवरची फुलं नीट केली.
दुसरी बस लागली. "तुम्ही जावा मावशी. काका वाट बघत असतील. मी बसते थोडी."
सोडून यायचं मनात नव्हतं. पण तिनं असं बघितलं की चढले. खिडकीतनं बघितलं, तशीच बसलेली.
घरी आले. दिवे लागले. वैशालीचा फोन नाही. मी लावला नाही. हे दोनदा विचारून गेले, जेवायला पान घेऊ का म्हणून. म्हटलं, थांबा जरा.