ब्लॉक टाइमटेबल आणि खिडकी नंबर चार

३ जून, सोमवार
आजपासून कॉलेजात ब्लॉक टाइमटेबल. सकाळची बॅच आठ ते बारा, दुपारची एक ते पाच. रोज तेच, वर्षभर तेच. खोली तीच, सोबतची मंडळीही तीच. नोकरी करणाऱ्यांना आपली वेळ आधीच कळली की ते मधेच कॉलेज सोडणार नाहीत, एकदाचे पदवीधर होतील, असं प्राचार्यांचं म्हणणं. ऐकायला छान. पण टाइमटेबल म्हणजे काय असतं ते चौकशीच्या खिडकी नंबर चारमध्ये बावीस वर्षं बसलेल्या माणसाला विचारा. पंधरा दिवसांत गोंधळ उडेल आणि रांग माझ्याकडेच लागेल.
संकल्प: रांग लागली की चिडायचं नाही.

६ जून
खिडकीवर दिवसभरात तिघे. दोघांनी बाथरूम विचारलं. तिसरा कुरिअरवाला, त्याला खिडकी तीन हवी होती. मुलं अजून बुजलेली दिसतात.

१० जून
शिवणवाल्या बाई आल्या नाहीत. म्हणजे कॉलेजात येतात, गेटवर पाहिलं मी. खिडकीवर नाही आल्या. गेली सहा वर्षं दर टर्मला पाच-सहा वेळा तरी यायच्या. कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर असतात. त्यांची शिफ्ट दुपारी दोनची आणि तेव्हा आमचा अकाउंट्सचा तास सोमवारी अकराला, गुरुवारी चारला. दर वेळी एक तरी विषय शिफ्टवर आदळायचा आणि राहायचा. मग त्या वहीत चौकोन आखून खिडकीशी उभ्या राहायच्या, मी आतून पर्याय सुचवायचो. एकदा तर चाळीस मिनिटं बोललो. सगळं टाइमटेबलबद्दलच, पण सूर महत्त्वाचा असतो.
आता त्यांचा वर्ग बाराला सुटतो. काहीच अडत नाही. विचारायला काही नाही म्हणून संकोचत असतील बिचाऱ्या.

१७ जून
पंधरा दिवस झाले. गोंधळ नाही. होईल.
दरम्यान खिडकीबाहेर एक खुर्ची ठेवली. 'चौकशी येथे करावी' ही पाटी नव्याने रंगवली. दुपारभर खुर्चीवर वॉचमन बसला होता. त्याला उठवलं नाही. पाठमोरा का होईना, कुणीतरी होतं.

२३ जून, रविवार
ताईचा फोन. एकटा काय करतोस दिवसभर, म्हणाली. म्हटलं, ऑफिसात श्वास घ्यायला फुरसत नाही. मग आवाज असा का येतोय, आत्ता उठल्यासारखा, तिने विचारलं. घसा बसलाय म्हणालो. शुक्रवार संध्याकाळनंतर पहिल्यांदाच तोंड उघडत होतो, हे सांगून तिच्या जिवाला घोर कशाला लावायचा?

८ जुलै
कँटीन. सकाळची बॅच दोन टेबलं जोडून बसते. एकमेकांच्या वह्या, एकमेकांचे डबे, एकमेकांची टिंगल. मध्यभागी शिवणवाल्या बाई. खळखळून हसत होत्या. त्या हसतात हे मला सहा वर्षांत माहीत नव्हतं. खिडकीवर उन्हाचं उभं राहावं लागायचं, म्हणून नसतील हसत.
मी कोपऱ्यातल्या टेबलावर होतो. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलंसं वाटलं. माझ्या मागे घड्याळ आहे.

१५ जुलै
योजना ठरली. येत्या गुरुवारी सकाळच्या बॅचची खोली बारा नंबरवरून एकतीस नंबर करायची. नोटीस लावायची नाही. अगदी किरकोळ बदल, कुणाचं काही बिघडत नाही. खोलीला कुलूप दिसलं की बाई खिडकीवर येणार, मी खोली सांगणार, आणि जमलंच तर चहाचंही विचारणार. गुरुवारी त्यांची चाचणी आहे हे मला ठाऊक आहे. म्हणून तर गुरुवार निवडला. चाचणी असली की माणूस घरी परत जात नाही, विचारायला येतोच.

१८ जुलै, सकाळी ७.३०
इस्त्रीचा शर्ट. थर्मासमध्ये दोन कप चहा.

८.१०
अजून कुणी नाही. पहिल्यांदा गोंधळतील, मग येतील.

८.३०
वॉचमनला सहज विचारलं. सगळे वर एकतीसमध्ये पेपर लिहितायत, म्हणाला. बॅचचा मोबाइलवर ग्रुप आहे. एकीला कुलूप दिसलं, तिने लिहिलं, कुणीतरी मजले पालथे घातले. चार मिनिटांत सगळे जागेवर. ग्रुपवर काय आलं होतं ते मी विचारलं नव्हतं, तरी त्याने सांगितलं. खिडकीवाल्याने परत घोळ घातला, असं.
दोन्ही कप मीच प्यायलो.

१९ जुलै
प्राचार्यांनी बोलावलं. मी सिस्टिमचा दोष असल्याचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि टाइमटेबलचा पासवर्ड यापुढे त्यांच्याकडेच राहील म्हणाले. माझ्यावरचा ताण त्यांच्या लक्षात आला असावा.

१२ मे
बरेच महिने लिहिलं नाही. कामाचा रगाडा.
आज निकाल. सकाळच्या बॅचचे एकोणचाळीसपैकी चौतीस पदवीधर. शिवणवाल्या बाईंचे अडकलेले पाचही विषय एका वर्षात सुटले. त्या सांगायला येणार. सहा वर्षं विचारायला आलेलं माणूस सांगायला येणारच.

१५ मे, संध्याकाळी
आल्या. सकाळी ११.२० ला, सरळ खिडकीशी. मी उठून उभा राहिलो, अभिनंदन केलं, मला खात्री होतीच म्हणालो. बसा, असंही म्हणालो.
त्या बसल्या नाहीत. रागावलेल्याही नव्हत्या. म्हणाल्या, तासाभराची सुट्टी मागून मी इथे यायचे. तुम्ही बोलत राहायचात. मी कारखान्यात उशिरा पोचायचे, बोलणी खायचे, आणि विषय राहायचा तो राहायचाच. लेक पाच वर्षांची होती तेव्हा फॉर्म भरला होता, आता ती बाराची झाली. मग म्हणाल्या, धाकट्या जावेचं नाव जूनमध्ये इथेच घालतेय. तिला तरी या खिडकीवर यावं लागणार नाही ना, एवढंच विचारायचं होतं.
नाही लागणार, मी म्हणालो.
खरंच होतं ते. त्या थँक यू म्हणाल्या. मला अजून बोलायचं होतं, काय ते कळत नव्हतं, आणि फार वाईट वाटत होतं. तेवढ्यात बाहेरून त्यांना कुणीतरी हाक मारली.
खिडकी लावून घेतली. साडेअकराच झाले होते. पाचपर्यंत बसून राहिलो.