तुझाच संधिवात

नाशिक, ८ डिसेंबर १९९५

प्रिय आईस जयभीम,

मी बरी हाय. सकाळी बोटं आखडून वेणी घालता येईना, म्हणून दवाखान्यात गेले. तुझाच संधिवात निघाला.

"आईकडून आला का?" मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोग नाही, तो होण्याचा कल रक्तातून येतो. सगळ्या लेकरांना होतोच असं नाही." तवा स्वतःला बोल लावून घेऊ नको. तुझा हट्टही आलाय माझ्यात.

तासगावच्या द्राक्षबागांत राबत तू दुखणं अंगावर काढलंस, म्हणून बोटं वाकली. मी औषध लगेच सुरू केलंय. आबांचा खोकला थांबला का?

दीक्षे, शाळेतून येऊन आपल्या आईला हे पत्र तूच वाचून दाखवतेयस. इथं जरा थांब आणि तिला खरं सांग, सकाळी तुझी मूठ वळते का?

तुमची,
आम्रपाली