पोराची पाठवणी

माय, सासरी आल्यापासून मी तुला जी पत्रं लिहिली ती सगळी शेजारच्या मास्तरीणबाईंनी तुला वाचून दाखवली. त्यामुळं त्यांनी ऐकलं तरी चालेल तेवढंच मी लिहीत आले. आम्ही खुशाल, तुम्ही खुशाल. आता तू जाऊन वीसेक वर्षं झाली, मधे वाचणारं कुणी नाही, म्हणून मोकळ्या हातानं लिहिते. आणि सांगायला एवढं साठलंय की परत आल्यापासून माझं कामात ध्यान नाही, काल भाजीत दोनदा मीठ पडलं. तुझी लेक शिलाँगला जाऊन आली, माय. शिरूर कासारहून नारायणगडाला जायचं तर तू आदल्या दिवसापासून गाठोडं बांधायचीस. मी अडीच दिवस रेल्वेत बसले, वर जीपनं डोंगर चढले, आणि गळ्यातल्या माळेला हात लावून एवढंच म्हणत राहिले की देवा, परत नेताना दोघांना ने.

दोघं म्हणजे मी आणि माझा पोरगा. तू त्याला पाळण्यात पाहिलंस, आता तो तिकडं नोकरीला आहे. त्याला तिथली एक पोरगी आवडली. पोरगी गुणी, पण खासी लोकांची, आणि त्यांची रीत आपल्या बरोबर उलटी. तिथं घर मुलीचं. सगळ्यात धाकटी लेक आईबापाला सांभाळते, घर तिच्या नावावर, आणि लग्न झालं की नवरा तिच्या घरी राहायला येतो. ही पोरगी नेमकी धाकटी. म्हणजे ती आमच्या घरी तेलगावला येणार नव्हती, माझं एकुलतं एक लेकरूच तिकडं नांदायला जाणार होतं. हे ऐकून ह्यांनी दोन दिवस तोंडात घास घेतला नाही. मला गाडीत बसवताना म्हणाले, "पोराला घेऊन ये. ती येत असंल तर तिलाबी आण. न्हाईतर आपल्याला पोरगाच न्हवता, असं समजू." मीही हेच ठरवून निघाले होते.

पहिल्याच पायरीवर अडचण झाली. दारात पोरीची आई ताटली घेऊन उभी, ताटलीत ओली सुपारी, पान आणि चुना. आपल्यात सुपारी घेतली की सोयरीक पक्की. मी दोन पावलं मागं सरकले, हात जोडले आणि आपल्याकडच्या हिंदीत म्हणलं, "मेरेकू नको." बाईचं तोंड उतरलं. पोरगा कानाशी लागला, "आई, पाहुण्याला पाणी देतात तशी देतात ही. पोस्टमन आला तरी देतात."

"पोस्टमनला पोरगी द्यायची नसती," मी म्हणलं.

मग तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताटली येत राहिली आणि मी हात जोडत राहिले. त्या बिचाऱ्यांना वाटलं, हिचे दात दुखतात. बाकी त्यांनी माझं फार केलं. मी माळकरी म्हणून मटणाची चूल परसात नेली. मी सोबत नेलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी थापायची, तर घरातल्या सगळ्या बाया भोवती उभ्या. भाकरी फुगली की टाळ्या. आजपर्यंत हजारो भाकऱ्या केल्या असतील, पहिल्यांदाच कुणी टाळी वाजवली. त्यांचा एक शब्द आहे, खुब्लेई. आल्यावर तोच, निघताना तोच, आभार मानायलाही तोच. देव तुझं भलं करो, असा त्याचा अर्थ. देवाला एवढं तोंडात ठेवणारी माणसं मला वाईट कशी वाटावीत. पण हे पोराला बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस लागला. पत्र्यावरून पाण्याच्या धारा नुसत्या अंगणात पडून वाहून चाललेल्या. माझ्यानं बघवेना. टँकर कधी येईल याची वाट बघण्यात जन्म गेला, ते डोळे कसे मिटतील. मी उठले आणि स्वयंपाकघरातली पातेली, बादल्या, परात, शेवटी चहाचं भांडंसुद्धा पागोळ्यांखाली मांडलं. सकाळी पोरीची आई चहाला भांडं शोधते तर फळी मोकळी. बाहेर येऊन बघते तर मी भरलेल्या पातेल्यांवर झाकणं ठेवतेय. ती अशी हसली की भिंत धरून खाली बसली. पोरगी म्हणाली, "आंटी, यहाँ तो छह महीना यही गिरता है." मी म्हणलं, "असू दे, पण चहा याच पाण्याचा कर." गोड पाणी होतं, माय.

तिसऱ्या दिवशी बोलणी. मी आहेर नेला होता, पोरीच्या आईला लुगडं आणि घरच्या कर्त्या माणसाला टोपी-टॉवेल. टोपी कुणाच्या तरी लग्नात ह्यांना मिळालेली, घडी न मोडलेली. मी ती पोरीच्या बापापुढं धरली. तो हसत म्हणाला, "मी या घरचा जावई. मामांना द्या." मामा म्हणजे पोरीच्या आईचा भाऊ, सल्ल्याला मुद्दाम बोलावलेला. तो म्हणाला, "हे घर माझ्या बहिणीचं. मी राहतो बायकोकडं. मी कशी घेऊ?" दोन्ही बाप्ये हात मागं घेऊन बसलेले आणि मी मधे टोपी घेऊन उभी. शेवटी कोपऱ्यातून पोरीची आजी उठली, खरी मालकीण तीच. माझ्या हातातून टोपी घेतली, डोक्यावर नीट बसवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि बसून म्हणाली, बोला आता. आपले सरपंच बसतात ना, तशी.

मग मला विचारलं, मुली किती? पोरगा मधे बसून सांगत होता. मी म्हणलं, मुलगी नाही, हा एकच. आजीनं चुकचुक केलं. पोरीच्या आईनं माझा हात हातात घेतला. सगळं घर माझ्याकडं असं दयेनं बघायला लागलं की मला हसू येईना आणि रडू येईना. मुलगा एकच, आणि मुलगी नाहीच. म्हातारपणी हिचं कसं व्हायचं. मी घाईनं म्हणलं, पण माझ्या आईला चार मुली. आजीनं पोराला परत विचारलं, चार? मग चार बोटं वर करून मामाला दाखवली, बापाला दाखवली, बाहेर डोकावणाऱ्या शेजारणीलाही दाखवली. पोरगा म्हणाला, "आई, ती म्हणते, केवढं पुण्य असेल त्या बाईचं."

माय, मला एकदम आपलं अंगण दिसलं. धाकटीचं बारसं आहे. तू पातेलंभर घुगऱ्या शिजवल्यात, सतरंजी अंथरलीय, आणि चौथी पण पोरगीच म्हणून गल्लीतली एकही बाई येत नाही. तू उन्हं उतरेपर्यंत दाराकडं बघतेस. मग आम्हाला ओळीनं बसवतेस आणि ताटं भरतेस. "खा पोटभर. आपलाच कार्यक्रम हाय." तू अशा चौघी वाढवल्यास, चौघी दिल्यास, एकीलाही उंबऱ्यात अडवलं नाहीस. आणि मी एका पोरासाठी तीन दिवस हात जोडत बसले होते.

मी ताटली मागितली. सुपारी तोंडात टाकली तर कानशिलं तापली, अंगाला दरदरून घाम, डोळ्यातून पाणी. पोरगा घाबरला, "आई, रडतेस का?" मी म्हणलं, "सुपारी लई कडक हाय." सगळे हसले आणि पोरगी येऊन माझ्या पाया पडली.

ह्यांना फोन लावला. म्हणलं, दिला पोरगा. तिकडं चालू असलेला रेडिओ ह्यांनी बंद केला. मग म्हणाले, "कावून?" मी म्हणलं, आल्यावर सांगते.  तर हे हळूच म्हणाले, "त्यांनी मागितलं काय?" मी म्हणलं, भाकरी शिकवा म्हणल्या. तर म्हणतात कसे, "मग पीठ जास्त न्यायला पाहिजे होतं." तिथं मला कळलं, हा माणूस वळेल.

आता एक राहिलं. तेलगावला नवीन आले तेव्हा भजनातल्या बायकांनी विचारलं होतं, भाऊ किती? मी म्हणाले, एक होता, लहानपणीच गेला. तुला कुणी नावं ठेवू नये म्हणून खोटं बोलले, असं स्वतःला सांगत आले, पण ते माझ्यासाठीच होतं. राखीपौर्णिमेला त्या अजून माझ्याशी जपून बोलतात. काल भजनाला गेले, पोराचं ठरलं म्हणून पेढे वाटले, तिकडची रीत सांगितली, सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या. आम्ही चौघी बहिणीच, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा, तेवढ्यात टाळ सुरू झाले आणि मला बरं वाटलं. त्या भावाला मी एक नावही दिलेलं आहे, माय. ते अजून माझ्यानं तुला लिहवत नाही.