तक्त्यातली शेवटची ओळ

प्रिय दादा,

पत्र उघडताच म्हणशील, हिला काय झालं एवढी टपोरी अक्षरं काढायला. काही झालेलं नाही. फोनवर तू मला दोन वाक्यांपुढे जाऊ देत नाहीस, म्हणून हे पत्र. यात मधेच बोलायची सोय नाही. पाकिटावर फक्त तुझंच नाव घातलंय, तेव्हा वाचायचंही तूच.

दुकान छान चाललंय. तुला वाटत असेल, चष्म्याच्या दुकानात लोक दिसत नाही म्हणून येतात. छे! निम्मे लोक आपल्याला सगळं दिसतं हे सिद्ध करायला येतात. समोर अक्षरांचा तक्ता दिसला की त्यांना एकदम वार्षिक परीक्षाच आठवते. परवा एक निवृत्त हेडमास्तर आले. चौथ्या ओळीवर अडले आणि त्यांनी तक्ता छापणाऱ्यालाच नापास केलं. म्हणे, अक्षराला वळण नाही. काल एक जोडपं आलं. तपासणी नवऱ्याची आणि उत्तरं बायकोची, तीही छताकडे बघत पुटपुटलेली. तिला बाहेर बसवलं, तर हे महाशय म्हणाले, आज जरा ढगाळ आहे. तपासणीच्या खोलीला खिडकीच नाही रे! आणि आमच्या गल्लीतला शिंपी तर तीन वर्षं सुईत दोरा गिऱ्हाइकांकडून ओवून घेत होता. गिऱ्हाइकाचा हात लागला की कपडा अंगावर चांगला बसतो, असं सांगायचा. लोकही हौसेने ओवून द्यायचे. शेवटी मी त्याला धरून आणलं आणि चष्मा दिला. त्या दिवशी त्याने स्वतःचीच जुनी शिवण पाहिली आणि संध्याकाळपर्यंत ती उसवत बसला.

पान भरत आलं आणि घरात दुसरा कागद नाही, म्हणून अक्षर थोडं बारीक करते. खरं तर या लोकांना हसायचा मला काय अधिकार? तिसरीत मीही तेच करत होते. फळ्यावरचं दिसायचं नाही, म्हणून शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायचे आणि धडे पाठ करून वाचल्यासारखे म्हणायचे. आईबाबांना पत्ता लागला नाही, बाईंनाही नाही. तुला मात्र संशय आला. गच्चीवर पुस्तक माझ्यासमोर धरून तू एकेक पाऊल मागे जात राहिलास, मी घडाघडा वाचत राहिले, आणि कठड्याला टेकल्यावर तू हळूच म्हणालास, "बारके, मी पुस्तक उलटं धरलंय." मी भोकाड पसरलं. तू हसला नाहीस. बाबांच्या मागे लागून आठवड्याच्या आत मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलंस. तुझ्या कपाळावर खोक पडल्याचा व्रण आहे, हे मला चष्मा लागल्यावर कळलं. ती खोक माझ्याच हातून पडली होती, हे तू लगेच ऐकवलंस.

वहिनींचा फोन आला होता. तुमच्या गेटचा खांब तुझ्या गाडीवर येऊन आदळला म्हणे. खांब हल्ली फार माजलेत. शिवाय तू रोज सकाळी सगळ्यांना पेपर वाचून दाखवतोस, त्यातले मथळे छापलेले असतात आणि बातम्या तुझ्या स्वतःच्या. जिन्यातल्या खुंटीवर टांगलेल्या कोटाला तू "काय, कसं काय?" विचारलंस आणि त्याने उत्तर दिलं नाही म्हणून खालच्या मजल्यावरच्या वकिलांशी अबोला धरलास. वकील बिचारे अजून कारण शोधताहेत. बाकी साठी उलटली तरी चष्मा नाही, याबद्दल तुझं पुन्हा एकदा अभिनंदन.

वहिनी, नमस्कार. एव्हाना पत्र तुमच्या हातात आलं असणार. "तू वाच, तुझा आवाज गोड आहे," असं काहीतरी दादा म्हणाला असेल. वरचा खांबाचा आणि कोटाचा भाग तुम्हालाच वाचावा लागला असेल, त्याबद्दल माफ करा. इथून पुढचं मनात वाचा आणि त्याला सांगा, पत्र संपलं. घरात कागदांची चळत पडली आहे. मी मुद्दाम दर परिच्छेदाला अक्षर लहान करत आले, तक्त्यातल्या ओळींसारखं. त्याने पत्र तुमच्याकडे कुठे सोपवलं, तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा. दोन वर्षांपूर्वी तो दुकानात आला होता, आठवतं? तक्त्याचा दिवा मी लावायच्या आधीच त्याने शेवटची ओळ खडाखडा म्हणून दाखवली. बाकावर गिऱ्हाइकं बसली होती, नात टाळ्या वाजवत होती. चारचौघांत दादाचा पाणउतारा कसा करू? मी त्याला शाबास म्हटलं. तो शब्द आता मला झोपू देत नाही, कारण त्याच नातीला तो रोज गाडीतून शाळेत सोडतो. सकाळच्या त्या वीस मिनिटांवर त्याचा अख्खा दिवस निघतो, हे मला ठाऊक आहे. किल्ली काढून घेतील या भीतीनेच तो सगळ्यांना बनवतोय. तेव्हा ती कायमची काढून घेऊ नका. फक्त रविवारपर्यंत लपवा, तोवर शाळेत सोडायचं काम सूनबाईंकडे द्या, आणि रविवारी त्याला इकडे घेऊन या. मोतीबिंदू असला तर डॉक्टर बघतील, नंबर असला तर मी आहेच. आणि हा कागद किल्लीजवळच जपून ठेवा. डोळ्यांचं काम झालं की त्याच्या हातात द्या. शेवटची ओळ त्याच्यासाठी आहे.

दादा, वाचलंस ना स्वतःच्या डोळ्यांनी? मग घे तुझी किल्ली.

तुझीच,
बारकी