अमेरिकन गिटार आणि स्वयंपाकघराचा ओटा

६ फेब्रुवारी २०११
आयुष्यातली सर्वात हुशारीची खरेदी आज केली. नेपियर टाउन मोहल्ल्यातले भय्यासाहेब लग्नांतला ऑर्केस्ट्रा बंद करून सामान विकून राहिले. मी आणि विभावरी जोडीने सहज भेटायला गेलो होतो. कोपऱ्यात लाल इलेक्ट्रिक गिटार. रंग उडालेली, जुनी, आणि डोक्यावर चक्क मोठ्या अमेरिकन कंपनीचं नाव. भय्यासाहेबांना बिचाऱ्यांना कल्पनाच नाही! तिच्याबद्दल काहीतरी लांबण लावून सांगू लागले. मी ऐकलंच नाही. सौद्यात विकणाऱ्याला बोलू देऊ नये. पैसे हातात कोंबले, चलो म्हटलं आणि ऑटोत बसलो. विभा मात्र त्यांच्या बायकोजवळ, ज्योतीवहिनींजवळ, चहा घेत बसून राहिली. तासाभराने आली. बायकांना वेळेची किंमत नाही.
मला गिटार वाजवता येत नाही. गरजही नाही. फॅक्टरीत सारी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये झाली. असली-नकली मला हात लावताच कळते.
संकल्प: कोणालाही सांगायचं नाही.

७ फेब्रुवारी
शेजारच्या दुबेजींना सांगितलं. दूधवाल्यालाही. दोघंही भरवशाचे.

९ फेब्रुवारी
मागच्या लोखंडी पट्टीवर नंबर सापडला. इंटरनेटवर बघितलं, साल १९६३! दुसऱ्या एका साइटवर १९७६ निघते. ती साइट मला पटली नाही.
मनीषाला पुण्याला फोन. म्हणाली, बाबा, पट्टी वेगळी विकत मिळते, कोणीही लावते. खरी तारीख दांड्याच्या टोकाला आत पेन्सिलीने लिहिलेली असते, दांडा काढून पाहा. आजकालची मुलं शंकेखोर. दांडा काढणार नाही. विश्वास म्हणून काही चीज असते.

१२ फेब्रुवारी, सकाळी
भिंग घेऊन नाव तपासलं. कंपनीच्या नावात एक अक्षर कमी आहे. भिंग पुसून पुन्हा बघितलं. कमीच.

१२ फेब्रुवारी, जेवणानंतर
उलगडलं. चुकीचं छापलेलं टपाल तिकीट लाखात विकते की नाही? मग चुकीची गिटार काहून नाही? म्हणजे किंमत वाढलीच. मनीषाला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, बाबा, ही गिटार कोणाला दाखवू नका. चोरीची काळजी वाटली असावी.

२० फेब्रुवारी
फोटो काढून गिटारवाल्यांच्या साइटवर टाकले. उत्तरं आली. कॅनडाच्या एका गृहस्थाने विचारलं, ही चेष्टा आहे का? भाव पाडायची जुनी युक्ती. दुसऱ्याने विचारलं, बटणं कोणत्या रेडिओची? जळतात लोक. तिसऱ्याने फक्त हसरे चेहरे पाठवले. हा मात्र चांगला माणूस वाटला.

२४ फेब्रुवारी
विभाने आज आपणहून विचारलं, गिटार विकून स्वयंपाकघराचा ओटा नवा होईल का? लग्न झाल्यापासून ती ओट्याचं म्हणून राहिली, आणि मी दर दिवाळीला पुढच्या दिवाळीचं सांगतो. म्हटलं, ओटाच काय, ग्रॅनाइट, चिमणी, सिंक, सगळं! ती म्हणाली, मग मिस्त्रीला बोलवा. मी म्हटलं, आधी गिऱ्हाईक तर येऊ दे. ती म्हणाली, अच्छा, म्हणजे तुम्हालाच खात्री नाही.
अधारतालच्या मिस्त्रीला फोन केला.

१ मार्च
ओटा तोडला. सिंकही काढलं. मिस्त्रीने विचारलं, पूरा तोड़ दूँ साहब? मी म्हटलं, पूरा! घरभर धूळ. विभा व्हरांड्यात स्टोव्ह मांडून पोळ्या करत होती आणि चक्क गुणगुणत होती. माझ्यावर एवढा विश्वास तिने पहिल्यांदाच दाखवला.

४ मार्च
गिऱ्हाईक नाही. शेवटी दांडा काढला. चार स्क्रू. तिसऱ्याचं डोकं घासलं गेलं, मग हातोडी घ्यावी लागली. थोडं लाकूड निघालं, फारसं नाही. आत पेन्सिलीने लिहिलं आहे: "इधर से छीलो". हिंदीत.
विचार केला. अमेरिकेत त्या काळीही आपले कारागीर गेले असतील. हे तर आणखी दुर्मिळ. दांडा परत बसत नाही. उद्या बघू.

६ मार्च
सकाळपासून मन खात होतं. एवढी मौल्यवान वस्तू मी भय्यासाहेबांकडून फसवून आणली. ठरवलं, विकली की त्यांना हिस्सा द्यायचा. मोठ्या मनाने नेपियर टाउनला गेलो आणि सगळं सांगितलं.
भय्यासाहेब इतके हसले की ज्योतीवहिनी पाणी घेऊन आल्या. म्हणाले, "अहो दिवाकरराव, ती मीच बनवली! खोका फर्निचरवाल्याकडच्या प्लायवूडचा. दांडा कटनीच्या एका लग्नात मारामारी झाली, त्यात फुटलेल्या गिटारीचा. नंबरपट्टी कबाडीवाल्याच्या भंगारातली. अन् नाव स्कूटरच्या नंबरप्लेटवाल्याने रंगवलं, त्याला शेवटी जागाच नाही उरली."
मी विचारलं, हे आधी काहून नाही सांगितलं? ते म्हणाले, "सांगूनच तर राहिलो होतो! तुम्ही ऐकाल तेव्हा ना. विभावहिनींनी मात्र सगळं ऐकलं, चहा घेता घेता. त्यांना मी पैसे परत देत होतो, तर त्या म्हणाल्या, राहू द्या."
ऑटो न करता पायी घरी आलो.

६ मार्च, संध्याकाळी
विभाला विचारलं, तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?
हो म्हणाली. पोळी उलटवत होती, वर बघितलंही नाही.
मग बोलली काहून नाही?
"बोलली असती, तर तुम्ही ओटा तोडला असता का?"
मी ताट घेऊन बसलो. पोळ्या मात्र चांगल्या झाल्या होत्या.

७ मार्च
ग्रॅनाइट पसंत करून आलो. हिरवा. मला काळा हवा होता. उद्या बँकेत एफडी मोडायला जाणे. विभा सोबत येणार आहे. म्हणते, तिथले लोक काय सांगतात ते ऐकायला कोणीतरी पाहिजे.